स्कूटरचं बूच

गाडी सुरू झाली नाही की अजून माझ्या तोंडी 'बूच' येतं, आणि बल्लारपूरचे आमचे शेजारी आठवतात. कागद कारखान्यातली नोकरी. रविवारी अंगणात पोतं पसरून स्वतःच स्कूटर खोलायचे. माहितीपुस्तक इंग्रजीत, म्हणून कुंपणावरून मला हाक यायची, "बाई, वाचा आता." मी इंग्रजी शाळेत शिकलेली. चारचौघांत मराठी चुकेल या भीतीनं एरवी गप्पच असायचे.

एकदा मी 'प्लग'चं भाषांतर केलं, "आधी बूच काढून घासा."

"बूच तं बाटलीले असते, बाई! प्लगले प्लगच म्हंतेत." खोकला लागेपर्यंत ते हसले. मी पुस्तक तिथंच टाकून घरात पळाले. पुन्हा वाचायचं नाही, असं ठरवलं.

पुढच्या रविवारी हाक आली नाही. त्यांच्याकडे कारखान्यातले दोन मित्र आले होते. पॉलिश पेपरनं प्लग घासत ते म्हणाले, "बूच साफ करून राह्यलो."

मित्र हसले. शेजाऱ्यांनी मानही वर केली नाही.

"हासता काऊन बे? पुस्तकात तसंच लिवलं आहे."

मी खिडकीतून ऐकलं आणि अनवाणीच कुंपणाशी गेले.

"भाऊ, आता कोणतं पान?"