दादाच्या नावाची डबी

औषधांच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून गेलं की उजव्या हाताला एक खोली लागते. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळा रस्ता कानवाल्या बाई म्हणतो. गेली बावीस वर्षं त्या कानाची यंत्रं बसवतात, बिघडलेली दुरुस्त करतात आणि म्हाताऱ्यांना रागावतात. यातलं तिसरं काम त्या फुकट करतात.

यंत्र नीट बसलं का हे तपासायला त्यांच्याकडे मशीन आहे, पण त्यांचा खरा भरवसा स्वतःच्या पद्धतीवर. माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवायचं, आपण मागे उभं राहायचं आणि हळूच काहीतरी खोडसाळ बोलायचं. "तुमची सासू महिनाभर मुक्कामाला येतेय." माणूस गर्रकन वळला की यंत्र पास! एकदा एक निवृत्त पोस्टमास्तर काही केल्या वळेनात. बाईंनी तीनदा यंत्र उघडून पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "ऐकू पहिल्या वेळीच आलं हो. पण सासूला जाऊन वीस वर्षं झाली, आता उत्तर काय देऊ?"

अशा या बाईंच्या सख्ख्या थोरल्या भावालाच ऐकू येत नव्हतं. दादाने निवृत्तीनंतर सगळी पुंजी शेअरबाजारात घातली होती. सकाळपासून तो टीव्हीसमोर बसायचा. आवाज बंद, खाली आकडे पळताहेत, आणि याचे डोळे त्यांच्यामागे. आकड्यांना आवाज कशाला लागतो! बाजारात काय चाललंय ते त्याला सगळं कळायचं, घरातलं मात्र काही कळायचं नाही. दोन वर्षं बाईंनी त्याच्या मागे भुणभुण लावली, तेव्हा कुठे तो म्हणाला, "बरं बाई, पुढच्या महिन्यात घेऊ यंत्र."

नेमकं त्याच महिन्यात सरकारने बाहेरून येणाऱ्या मालावर आयात शुल्क वाढवलं. इथल्या कारखान्यांचं भलं व्हावं म्हणून, असं पेपरात आलं. पण इथे बनणाऱ्या यंत्राच्या पोटातली चिपसुद्धा बाहेरूनच यायची, त्यामुळे तेही महागलं. यंत्राचे सेल महागले. लोक यंत्र जपून वापरायला लागले. पाहुणे आले की चालू, पाहुणे गेले की बंद. एक आजी तर फक्त मुलीचा फोन आला की कानात घालायच्या, सुनेसाठी सेल वाया घालवायला तयार नव्हत्या.

त्यातच पलीकडच्या देशांनी चिडून आपल्या मालावर उलटा कर बसवला. बाहेर माल पाठवणाऱ्या कंपन्यांचे भाव धाडकन खाली आले, आणि दादाने नेमक्या त्याच कंपन्या घेतलेल्या. दोन्हीकडून मार बसला बिचाऱ्याला.

"बाजार वर येऊ दे, मग घेऊ," तो खणखणीत आवाजात म्हणाला. ऐकू न येणारी माणसं जगालाच बहिरं समजतात.

बाईंकडे शुल्क वाढायच्या आधी आणलेली थोडी यंत्रं होती. घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला, "बाई, नव्या भावाने विका. सगळे तेच करतायत."

"आणलीत जुन्या भावाने," म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. अर्थात, यंत्रं भराभर गेली. गिऱ्हाइकांना दाखवायचं सोडून एकच उरलं तेव्हा त्यांनी त्याच्या डबीवर पेनाने 'दादा' लिहिलं आणि ती खणात टाकली.

एकदा खाली औषधं घ्यायला आलेली वहिनी दम खात वर आली. बाई म्हणाल्या, "वहिनी, तू तरी सांग ना त्याला."

"सांगू कसं वन्सं? ओरडून? आग लागली, चोर आला, असलं काय ते ओरडून सांगता येतं. दिवसभरातल्या बाकीच्या गोष्टी काय ओरडून सांगायच्या?" वहिनी हसली आणि जिना उतरून गेली. त्या दिवशी बाईंचं कशात लक्ष लागलं नाही.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या बसचा एक ड्रायव्हर आला. सोमवारी परवान्यासाठी कानाची तपासणी होती, नव्या भावाचं यंत्र त्याला झेपत नव्हतं. बाईंना नाही म्हणवेना. "शनिवारी संध्याकाळी या, बघते," त्या म्हणाल्या आणि थेट दादाच्या घरी गेल्या. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'शनिवारी ये. नाहीतर डबी दुसऱ्याला.'

दादाने कागद वाचला, टीव्हीकडे बोट केलं. "चढतोय गं! अजून थोडा चढू दे." बहिणीच्या खणातली डबीसुद्धा त्याच्या लेखी शेअरच होती. योग्य भाव आला की मग बघू!

शनिवारी तो आला खरा, वहिनीला घेऊन. पण आला तो सांगायला. "महिनाभर थांब. भाव वर येतायत."

"बस तिथे," बाईंनी खिडकीकडे हात केला. "नुसतं घालून बघ."

त्यांनी डबी फोडली, यंत्र बसवलं, चालू केलं आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. दादाला खोडसाळ काय बोलावं ते त्या मनात जुळवत होत्या.

बाकावर बसलेली वहिनी पिशवी आवरत होती आणि नेहमीसारखी स्वतःशी पुटपुटत होती. "जाताना दूध घ्यायचंय. यांचा निळा शर्ट उसवलाय. काल छातीत जरा धडधडलं, ते सांगायचं राहिलंच. असू दे, काय ओरडून सांगायचं..."

दादा गर्रकन वळला. "कधी धडधडलं?"

वहिनीचा हात पिशवीतच राहिला. "काही नाही हो. जिना चढून..."

"जिना आज चढलीस. धडधडलं काल." त्याचा चेहरा उतरला होता. "अशी एकटीच बोलत असतेस?"

"एकटी कुठे? तुम्ही समोर असताच की."

दादाने कानातलं यंत्र बोटाने चाचपलं. मग गरजला, "सोमवारी बाजार उघडला की थोडे शेअर विकून यंत्राचे पैसे देतो! तोट्यात तर तोट्यात!"

"ओरडू नकोस," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आम्हाला ऐकू येतं."

तिथून तो वहिनीला घेऊन सरळ डॉक्टरांकडे गेला. रक्तदाब वाढला होता, गोळ्या सुरू झाल्या. संध्याकाळी ड्रायव्हर आला तेव्हा बाईंनी गिऱ्हाइकांना दाखवायचं स्वतःजवळचं यंत्र पुसून त्याला दिलं. तपासणीत तो पास झाला.

दहा दिवसांनी बाजार पुन्हा कोसळला. दादा हाय खाईल, म्हणून बाईंनी काळजीने त्याच्या घरी फोन लावला. वहिनी उचलेल असं वाटलं होतं. दादाने उचलला.

"बाजार बघितलास का रे?"

"बघतो नंतर. थांब जरा, ही काहीतरी सांगतेय."

त्याने फोन टेबलावर ठेवला आणि विसरला. लांबून वहिनीचा आवाज येत होता. निळा दोरा कुठे सापडत नाही, दूध उतू गेलं, शेजारणीची मांजर पुन्हा खिडकीत येऊन बसली. मध्येच दादा म्हणत होता, "मग?"

बाकावर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. बाईंनी त्यांना हातानेच थांबा म्हणून खूण केली आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.