शालूबाईंचा हलका हात

राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात शालूबाई सव्वीस वर्षं सुया टोचत होत्या. डॉक्टरांचं नाव पेशंटना नीटसं आठवत नसे, पण 'हलक्या हाताच्या बाई' सगळ्यांना ठाऊक. सर्दी झाली, सुई. अंग मोडून आलं, सुई. नुसत्या गोळ्या देऊन वाटेला लावलेला गडी पायरीवर बसून राही, "बाई, सुई ऱ्हायली की!" मग बाई सुई देत आणि दोघांनाही बरं वाटे. जंतू म्हणजे मारायची वस्तू, यापलीकडे बाईंचं शास्त्र कधी गेलं नाही.

असल्या बाईच्या नवऱ्यालाच जंतूंनी गाठावं, हा मोठाच अपमान होता. गणपतरावांचं हृदय अधू, त्यामुळे प्रोस्टेटचं ऑपरेशन करता येईना. लघवीला कायमची नळी लागली. पाण्याच्या टाकीत शेवाळ धरावं तसा त्या नळीत जंतूंचा चिकट थर धरे. दर पंधरा-वीस दिवसांनी नळी तुंबायची, हुडहुडी भरून ताप यायचा. बाई सुया द्यायच्या. थराखाली जंतू खुशाल बसलेले, बाईंच्या कीर्तीची त्यांना खबरच नव्हती.

२००४ साली बाईंची भाची ऋता नवीन टूम घेऊन आली. ती जंतूंवरच संशोधन करायची. तिच्या सरांचा प्रयोग चालू होता: निरुपद्रवी जंतूंच्या पाण्यात नळी दोन दिवस ठेवायची, त्यांचाच थर बसला की मग ती पेशंटला घालायची.

"मावशी, खोलीत आधीच सज्जन भाडेकरू असले की गुंडांना जागा मिळत नाही."

"शाहूपुरीतली खोली सज्जनालाच दिलीया की आम्ही! अकरा वर्सं झाली, हलंना. आन् आता मालकांच्या पोटात भाडेकरू?"

पण गणपतरावांनी सही केली. अट एकच होती. ऋताला विचारल्याशिवाय कसलंही जंतुनाशक औषध द्यायचं नाही, नाहीतर चांगले जंतू मरतील.

अडीच महिने ताप फिरकला नाही. गणपतराव एसटीनं नृसिंहवाडीला जाऊन आले, येताना कवठाची बर्फी आणली आणि गल्लीभर वाटत सुटले. बाईंना आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण नवरा आपल्या सुईवाचून बरा झाला, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

मग एके सकाळी गणपतराव शिंकले. दोनदा. बाईंचा हात सवयीनं सुईच्या डब्याकडे गेला.

"अगं, ऋता म्हणालीया—"

"ऋताला म्या अंगाखांद्यावर खेळवलीया. दंड हिकडं करा."

तीन दिवस, तीन सुया. सर्दी गेली. ती तशीही जाणारच होती, पण बाईंचा चेहरा निवडणूक जिंकल्यासारखा झाला.

आठव्या दिवशी हुडहुडी भरली. नळी तुंबली. ऋता तपासणीचा कागद घेऊन आली, त्यात चांगल्या जंतूंचा मागमूस नव्हता.

"काकांच्या अंगात हे जंतू टिकतच नसतील, तर सर त्यांचं नाव प्रयोगातून काढतील. मग तशी नळी पुन्हा मिळणार नाही," ती म्हणाली. "मावशी, मधे सुई दिली नाहीस ना?"

"आधी काय औषध घेतलंय ते लपवू नगा," म्हणून सव्वीस वर्षं लोकांवर खेकसलेल्या शालूबाई म्हणाल्या, "म्या? न्हाय बाई."

ऋतानं गणपतरावांकडे पाहिलं. त्यांचे दात वाजत होते. त्यांनी एकदा बायकोकडे बघितलं आणि टोचलेला दंड हळूच पांघरुणात घेतला.

"न्हाय गं पोरी. माझं अंगच तसलं. काढ जा नाव."

ऋतानं पेन उघडलं. शालूबाई नवऱ्याच्या त्या पांघरुणाकडे बघत राहिल्या. आपली अब्रू राखायला हा माणूस जन्माचा ताप पत्करून बसला होता. बाईंना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"लिहू नगंस," त्या म्हणाल्या. "त्येंच्या अंगाचा काय दोष न्हाय. जंतू म्या मारलं."

"कशानं, मावशी?"

बाईंनी उजवा हात पुढे केला.

"ह्या हलक्या हातानं."