आधी मर, मग जेव!

तंबू टॉकीजच्या दारावर चार वर्षं तिकिटं फाडली की माणसाकडे दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र साठतात. पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते आणि आमचा तंबू चिंचवडच्या माळावर होता. मालक शंकरशेट, मशीन चालवणारे दत्तोबा आणि दारावर मी. एका पिक्चरनं आम्हा तिघांना पार वेड लावलं, त्याचे किस्से सगळ्यात जास्त!

*

पिक्चर होता एका भित्र्या सरदाराचा. दुष्ट सेनापतीनं गडावर कोंडलेल्या राजकन्येला सोडवायला निघालेला हा वीर स्वतःच्या घोड्यालाच घाबरायचा आणि शेवटी राजकन्याच त्याला पाठुंगळी घेऊन गड उतरायची. शूरवीरांची नुसती टिंगल! पहिल्या दिवशी तंबूत कोणी हसलंच नाही. पुढं बसलेल्या चाकणच्या सोपानकाकांनी, वय सत्तर, काळजीनं मला विचारलं, "सरदार आजारी हाय का वो?"

*

दुसऱ्या दिवशी दत्तोबांचा चष्मा फुटला. आमच्याकडे मशीन एकच. दर रिळानंतर दिवे लावायचे आणि पुढचं रीळ चढवायचं. दत्तोबांनी चाचपडत आठवं रीळ आधी लावलं, सातवं नंतर. म्हणजे दुष्ट सेनापती गडावरून दरीत पडून मेला, दिवे लागले, दिवे गेले, आणि बघतो तर सेनापती पाटावर बसून मटण ओरपतोय!

तंबूतली डोकी एकमेकांकडे वळली. मग सोपानकाका ओरडले, "मेला तरी भूक सुटंना ह्याची!" लोक इतके गडबडा लोळले की तंबूची एक खुंटी उपटली.

*

शंकरशेट मात्र भडकले. "पुन्हा रिळं मागंपुढं झाली तर घरी बसायचं, दत्तोबा!" नवा चष्मा आला, तिसऱ्या दिवशी रिळं नीट लागली आणि लोकांनी तोंडं पाडली. शो सुटल्यावर एक बाई शेटना म्हणाल्या, "काल माझ्या जावेनं पाह्यला तो दाखवा. ह्यो बिघडल्याला हाय!"

शेट तडक मशीनच्या केबिनकडे गेले. "दत्तोबा, चष्मा काढा!"

*

मग काय विचारता राव! तळेगावहून बैलगाड्या यायला लागल्या. कारखान्यातली माणसं शिफ्ट बदलून घ्यायची. पुढं रिवाजच पडला. लोक भाकरी बांधून आणायचे, सेनापती मेला की फडकी सोडायचे आणि तो पाटावर बसला की अख्खा तंबू त्याच्याबरोबर जेवायचा. आधीच कोणी तुकडा मोडला तर सोपानकाका काठीनं ढोसायचे. "मानूस अजून मेला न्हाई, थांब!" मीही दारावर ठेचा-भाकरी घेऊन थांबायचो.

*

आणि मग मुंबईहून पिक्चर कंपनीचे साहेब तपासणीला आले. टाय वगैरे! रिळं मागंपुढं दिसली तर पिक्चर परत जाणार आणि सगळं दत्तोबांवर शेकणार, हे शेटनी आधीच सांगून टाकलं होतं. दत्तोबा म्हणजे पाच लेकरांचे बाप. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी दत्तोबांनी चष्मा दोनदा पुसला आणि रिळं क्रमानं लावली.

साहेब सकाळपासून उपाशी होते. सोपानकाकांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि हातावर भाकरी ठेवली.

सातवं रीळ लागलं. सेनापती धडधाकट, पाटावर बसलेला. तंबूत एकाही फडक्याची गाठ सुटेना. सोपानकाका काठी टेकत उठले आणि पडद्याकडे बघून गरजले, "आधी मर, मग जेव!"

झालं! सगळा तंबू ओरडायला लागला, "आधी मर, मग जेव!"

मी केबिनकडे धावलो. दत्तोबांनी मशीन थांबवलं होतं, दिवे लावले होते आणि ते आपला डबा पिशवीत भरत होते. "गेली माझी नोकरी," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात कनात बाजूला झाली. साहेब! टाय खांद्यावर, हातात अख्खी भाकरी.

"अहो, त्याला आधी मारा ना लवकर! हे काका मला तुकडा मोडू देत नाहीयेत!"