हंसाबाईंचे तळवे

फुलसावंगीजवळच्या तांड्यात होळीच्या दुसऱ्या दिवशी देवीपुढे निखारे पसरतात आणि नवसाची माणसं त्यावरून अनवाणी जातात. रांगेत पहिल्या हंसाबाई, तांड्याच्या 'याडी', म्हणजे आई. नवरा बाबूसिंग जिवावरच्या दुखण्यातून उठला, तेव्हा त्यांनी हा मान घेतला. बाबूसिंग पुढे दुसऱ्या दुखण्याने गेले, मान राहिला.

गेल्या वर्षी उमरखेडच्या डॉक्टरांनी त्यांच्या तळव्याला टाचणी टोचली. डॉक्टर कधी सुरू करतात याची वाट पाहत हंसाबाई छताकडे बघत राहिल्या. शुगरने पाय बधिर झाले होते. डॉक्टर म्हणाले, निखारा उष्णता हळू सोडतो, पाय चटकन उचलला म्हणून वाचतो. आणि चटकन उचलायला चटका कळावा लागतो. तेव्हा या होळीला नको. बाहेर आल्यावर हंसाबाईंनी सुनेला, बबिताला सांगितलं की न दुखणारा पाय तर या कामाला उत्तमच.

होळी आली, दुसऱ्या दिवशी हंसाबाई निखाऱ्यांवरून पहिल्या निघाल्या. अर्ध्यात त्यांना कडेला शेजारची पुष्पा दिसली. तिचा पदर विस्तवाकडे लोंबत होता. हंसाबाई थांबल्या. पदर खोच म्हणाल्या, मागच्या सालीही हेच सांगितलं होतं म्हणाल्या, आणि तिच्या सासूची तब्येतही विचारली.

"याडी, पाय उचल," बबिता सासूवर ओरडली.

निखाऱ्यांवर उभं राहून चौकशी करणारी बाई तांड्याने पाहिली नव्हती. अंगात देवी आली होती, यावर एकमत झालं.

घरी बबिताने पाहिलं, तर तळवे फोडांनी भरलेले. फोड येणं म्हणजे भक्तीत खोट, असं तांडा मानतो. आणि दारात पाया पडायला माणसं जमलेली. मान जायला नको म्हणून हंसाबाईंनी पाय गोधडीत घेतले. लोकांनी गोधडीलाच हात लावून नमस्कार केला.

पुष्पा म्हणाली, "पुढच्या साली मी बी थांबीन मधात, याडी. तुह्यासारखी."

हंसाबाईंनी गोधडी बाजूला सारली. मग त्यांनी पाय बाहेर काढले.

"मले चटका समजतच नाही, पुष्पा. हे देवीचं नाही, शुगरचं हाये. ज्याले समजते त्यानं चालावं, अन् पटापट चालावं."

लोकांनी फोड नीट पाहिले. चहा पिऊन गेले.

यंदा मान बबिताकडे आला. ती जवळजवळ पळतच पार झाली. हंसाबाई चपला घालून कडेला खुर्चीत बसल्या होत्या.

"लई घाई करते," त्या पुष्पाला म्हणाल्या, आणि तिचा पदर स्वतःच खोचून दिला.