पाचशेचं इंजेक्शन

गणपतीहून परतलो, चंदनसारच्या आमच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि कुबट वास आला. दिवा लावायला गेलो तर लागेना. वर पाहिलं, मेन स्विच खाली. बॅगा दारातच टाकून मी फ्रीजकडे धावलो. लोण्याच्या डब्याशेजारी माझ्या दोन इंजेक्शनांचा खोका होता. हात लावला तर कोमट. मी तिथेच फरशीवर बसलो.

"मीच बंद केला," मागून वडील म्हणाले. "आठ दिवस रिकामा फ्रीज कशाला चालवायचा?"

यात त्यांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. आम्ही कोकणातली माणसं गणपतीला गावी निघालो की घर बंद करण्याचा एक विधीच असतो. गॅसचा कॉक, नळ, खिडक्या, देवापुढे साखर आणि शेवटी मेन स्विच. घराबाहेर शेवटी पडायचा मान वडिलांचा. मी त्यांना "फ्रीज चालू राहू द्या" एवढंच सांगितलं होतं आणि बॅगा घेऊन खाली रिक्षा बघायला गेलो होतो. का चालू ठेवायचा ते सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर एका इंजेक्शनासाठी आठ दिवस फ्रीज कशाला, असं त्यांनी विचारलं असतं आणि खरी किंमत सांगावी लागली असती.

मला आतड्याचा आजार आहे. आतून जखमा होतात, रक्त जातं, वाढला की दिवसातून पंधरा वेळा पळावं लागतं. कुठेही गेलो की माणसं देऊळ कुठे ते विचारतात, मी संडास कुठे ते विचारतो. हा आजार बरा होत नाही, आवरता येतो. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन पोटावर टोचायचं. महिन्याच्या दोन इंजेक्शनांत माझा निम्मा पगार जातो. विम्यावाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, हॉस्पिटलात भरती झालात तर पैसे मिळतील. भरती व्हायची वेळ येऊ नये म्हणून जे घ्यायचं त्याला पैसे नाहीत! फोनवरच्या मुलीला मी हेच तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तिने गोड आवाजात तेच उत्तर दिलं.

वडिलांना मी आणि बायकोने मिळून सांगितलं होतं, इंजेक्शन पाचशेचं आहे. खरं कळलं असतं तर त्यांनी आधी स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्या असत्या. पूर्वी एकदा केल्याही होत्या. म्हणून प्रत्येक नवा खोका घरात आला की त्यावरची किंमत मी नखाने खरवडून काढायचो. तीन वर्षं हे चाललं होतं आणि मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

या हुशारीची फेड गावात झाली. गावच्या सामायिक घराच्या छपरासाठी सगळे भाऊबंद पैसे काढत होते. मी पुढच्या वर्षी बघू म्हणालो. तेव्हा चुलत्यांसमोर, वहिन्यांसमोर वडील हसत म्हणाले, "याचा हात पहिल्यापासून आखडता." सगळे हसले. मीही हसलो. आतून मात्र फार लागलं होतं.

इकडे फ्लॅटमध्ये बायकोने डॉक्टरांना फोन लावला. इतके दिवस गरमीत राहिलेलं इंजेक्शन टोचू नका, टाकून द्या, नवीन आणा आणि डोस चुकवू नका, असं त्यांनी सांगितलं. पुढचा डोस दोन दिवसांनी घ्यायचा होता. पगार झाला की लगेच घेतलेला खोका होता तो, त्यामुळे खात्यात आता काही उरलं नव्हतं.

"पाचशेचंच ना?" वडील म्हणाले. "एवढी तोंडं पाडून काय बसलात? चूक माझी, मी भरतो." सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यांनी घडी घातलेली पाचशेची नोट काढली, खोका उचलला आणि चपला घातल्या.

मी त्यांना अडवायला उठलो आणि नेमकी तेव्हाच पोटात कळ आली. या आजाराला वेळ बरोबर कळते. मी संडासात, बायको दारात "बाबा, थांबा, बाबा" म्हणतेय आणि जिन्यावरून खाली जाणाऱ्या त्यांच्या चपलांचा आवाज मी आतून ऐकतोय.

बाहेर आलो तेव्हा ते परतले होते. खुर्चीवर बसले होते, खोका मांडीवर, नोट तशीच मुठीत.

"मेडिकलवाला बोलला, काका, मागवावं लागेल. मी बोललो, मागव, आणि नोट पुढे केली." ते थांबले. "तो हसला रे. मग त्याने आकडा सांगितला. मी बोललो, डोळे तपासून घे. त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला."

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसलो.

"किती वर्षं?"

"तीन."

त्यांनी खोका उलटा केला आणि खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा असा मी आई गेली तेव्हाही पाहिला नव्हता. मला त्यांची भीती वाटली आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

मग त्यांनी फोन काढला आणि गावी मोठ्या काकांना लावला.

"दादा, जेवायला बसलाव का सगळी? असूदे. फोन मोठ्याने लाव, सगळ्यांना ऐकू जाऊदे. परवा मी पोराला आखडता बोललो ना? मी चुकलो. त्याला आतड्याचं दुखणं हाय, दोन इंजेक्शनात निम्मा पगार जातो, नि ही किंमत मला ठावूकच नव्हती." पलीकडून काका काहीतरी विचारत होते. वडिलांनी ऐकून घेतलं नाही. "छपराचे पैसे आमच्याकडून नाय येणार. पुढल्या वर्षीपण नाय. नि पुन्हा कोण हसला त्याला, तर मी त्या छपराखाली येणार नाय."