दादानं मागितला होता हवेचा काटा

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. मुंबईत गोदीजवळच्या एका गल्लीत, मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान विकणाऱ्या दुकानात मी उभी होते... समोर दोन गोल पितळी डबे. एक जहाजावरचं घड्याळ, दुसरा बॅरोमीटर.

खरेदी होती माझ्या थोरल्या भावासाठी, मोतीरामदादासाठी. आमचं गाव आष्टी तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर, आणि दादा तिथला नावाडी. पलीकडच्या तीरावर भाजी पिकवणारे लोक आष्टीच्या बाजाराला यायचे ते त्याच्याच नावेतून.

मी तेव्हा मुंबईत टायपिस्ट. नवी नोकरी, मनगटावर घड्याळ, आणि सगळं आपल्यालाच कळतं हा समज. दिवाळीला घरी गेले तेव्हा बॅरोमीटरचं मीच दादाला सांगितलं होतं... वादळ यायच्या आधी काटा खाली येतो म्हणून.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मले थो हवेचा काटा आणून दे, कुसुम. मी म्हनतो आभाळ बरं नाई, तं लोक म्हनतात मोतीराम आळस करून राह्यला. काटा दाखवला का मानतील."

दादाला आभाळ कळायला काट्याची गरज नव्हती. लोकांनी आपलं ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. हे मी तेव्हा कानांनी ऐकलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, तुमचं गाव समुद्रसपाटीहून उंचावर, तिथे हवेचा दाब मुळातच कमी, काटा कायम वादळच दाखवेल... मागचा स्क्रू फिरवून एकदा जुळवून घ्यावा लागेल. मी कंटाळले. ही उठाठेव कोण करणार? शिवाय घड्याळ किती देखणं! जाड काच, ठसठशीत आकडे. आणि घाटावर घड्याळ आलं की गावात माझाच बोलबाला होणार, हेही मनात होतं. कशाला खोटं बोलू...

मी घड्याळ घेतलं.

दादानं पुडकं सोडलं आणि डबा उलटसुलट करून पाहिला. "हे तं घड्याळ हाये," म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून, "बरं हाये." दुसऱ्या दिवशी नावेच्या मागच्या फळीवर ते बसवलंसुद्धा. दर रविवारी न चुकता किल्ली द्यायचा.

लोक खूश झाले. सकाळी सातची नाव, बाजारच्या दिवशी परतीची पाचची, असं आपोआप ठरून गेलं. पूर्वी दादा आभाळाचा रंग बघून नाव काढायचा, आता लोक काटे बघून त्याच्या मागे लागायचे... आणि मी मुंबईत मैत्रिणींना सांगायची, आमच्या गावाला मी वेळेचं महत्त्व शिकवलं.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत गावी गेले. बाजारचा दिवस होता, मला पलीकडे आत्याकडे जायचं होतं. नदी अजून भरलेली. रिकाम्या टोपल्या घेऊन लोक नावेत बसले, मीही बसले, आणि दादा मात्र काठावर पश्चिमेकडे बघत उभा.

"थांबा जरासं," तो म्हणाला. लोक कुरकुरले. कोणीतरी म्हणालं, "पाच वाजून गेले भाऊ, घड्याळ तं तुह्यंच हाये." दादा हलला नाही. तेव्हा मी म्हणाले, "दादा, पाच वाजून गेले ना. काढ की आता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बांबू उचलला आणि नाव काढली.

पलीकडचा काठ हाकेवर असताना वारा आला... परतीच्या पावसाआधी येतो तसा, एकदम. नाव आडवी झाली आणि पलटली. नशीब की पाणी तिथे गळ्याइतकंच होतं. दादानं एकेकाला ओढून काठावर काढलं, मला सगळ्यात आधी. नाव वाहत गेली आणि खाली खडकांवर फुटली.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत सगळे जमले. असल्या आभाळात नाव काढलीच काऊन, असं दादाला विचारलं. ज्यांनी घाई केली होती तेही तिथेच मान खाली घालून बसले होते. दादा एवढंच म्हणाला, "चुकलं माह्यं."

मी मागे बायकांत उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं... पण ते बोलले असते तर पुढचा प्रश्न माझ्याकडे आला असता. मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी मुंबईची गाडी पकडली.

घाटावर नाव चालवायचं काम दुसऱ्याला मिळालं. दादा लोकांच्या भाजीच्या वाडीत ओलित करायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाऊ लागला. नदीकडे फिरकायचाच नाही, असं आई सांगायची.

बऱ्याच वर्षांनी तो माझ्याकडे मुंबईला आला. एका दुपारी चहा घेताना मी धीर करून विचारलं, "तुला दिसत होतं ना रे सगळं? मग का काढलीस नाव?"

"लोकायशी मी भांडलो असतो," तो म्हणाला. "तू येवढ्या दुरून घड्याळ आनलं व्हतं. चार लोकायपुढे त्याले खोटं कसा पाडू?"

मी कप खाली ठेवला. तो मात्र बशीत फुंकर मारत होता.

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा गावच्या ग्रुपवर जुन्या घाटाचा विषय निघाला आणि एकानं लिहिलं, मोतीराम नावाड्याच्या हलगर्जीपणानं नाव बुडाली म्हणे. लिहिणारा तेव्हा जन्मलाही नसेल, त्याच्यावर राग नाही. त्यानं जे ऐकलं तेच लिहिलं. खरं सांगायला माणूस होतं, ते पंचायतीत मागे गप्प उभं होतं.

म्हणून आज इथे लिहिते आहे, गावातल्या सगळ्यांना दिसेल असं. त्या दिवशी मोतीरामदादा थांबा म्हणाला होता. नाव काढ असं मी म्हणाले होते.