वाकड्या मानेची गिटार

भावजींवरचा तिचा राग चांगला सात महिने मुरलेला होता. आणि खरं सांगायचं तर तो राग होता म्हणूनच ती टिकली.

बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, खिडकीच ती! आत एक मशीन आणि लोकांच्या पँटींचा ढीग. चाळिशी उलटल्यावर तिला गिटार शिकायची हौस आली. धाकटा दीर चारचौघांत गिटार वाजवून भाव खायचा, म्हणून तिने बिचारीने त्यालाच विचारलं. त्याने मोठ्या मनाचा आव आणून आपली जुनी गिटार दिली आणि दहाव्या मिनिटाला सगळ्यांसमोर दात काढले, "वहिनी, राहू द्या. तुमची बोटं लाकडाची आहेत. आपल्या पँटीच बऱ्या!" सगळे हसले. तिची बारा वर्षांची लेकही हसली, आणि तेच तिला जास्त लागलं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती गिटार मांडीवर घ्यायची. पहिल्याच आठवड्यात डाव्या हाताच्या बोटांची सालं निघाली, तर या शहाणीने सुई टोचू नये म्हणून घालायची अंगुस्तानं चढवली! तारांवरून ती अंगुस्तानं अशी किंचाळत घसरली की शेजारचा चहावाला काय झालं म्हणून धावत आला. मग एकेक गोष्ट कळत गेली. अंगठा गिटारच्या मानेच्या मागे मधोमध ठेवायचा, बोट तारेवर उभं टेकवायचं, मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या अगदी लगत दाबायचं. नुसता पंजा आवळला तर मनगट भरून येतं. हाताचं वजन हलकेच मागे ओढलं की बोटाला कमी कष्ट पडतात. पण पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या म्हटलं की नुसती खरखर. रोज खरखर. ज्या दुपारी त्या सहाही तारा स्वच्छ वाजल्या, त्या दुपारी ती एकटीच रडली आणि भावजींना चार शिव्याही घातल्या.

दुसऱ्या दिवशी तारा बदलायला ती वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली. त्याने गिटार डोळ्यासमोर आडवी धरली.

"बाई, ही वाजवता तुम्ही? मान वाकलीय हिची. तारा बघा किती वर उचलल्यात. कसलेल्या माणसाचाही हात दुखेल. ही तुमच्या दिराची ना? त्याला मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ठाऊक होतं मेल्याला!

"सरळ करून देऊ?"

"नको. आहे तशीच राहू द्या."

सासूबाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला सगळं घर जमलं. भावजी नवी कोरी गिटार घेऊन आले.

"काय वहिनी, लाकूड नरमलं का?"

"बघू, द्या जरा तुमची."

त्या गिटारच्या तारा लोण्यासारख्या दबल्या. तिने सासूबाईंचं आवडतं गाणं वाजवलं, आडवं बोट एकदाही न डगमगता. लेक घास तोंडात तसाच धरून बघत राहिली. मग तिने आपली गिटार काढून भावजींच्या हातात दिली. "आता तुम्ही. तुमचीच आहे."

भावजींनी हसत बोट आडवं टाकलं. खर्र. ओठ आवळून दाबलं. पुन्हा खर्र. कोणीतरी खुदकन हसलं. भावजी हात झटकून ओरडले, "या भंगारावर कोण वाजवणार? मान वाकलीय हिची, दोन वर्षं झाली!"

सासूबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली.

"म्हणजे माहीत असून दिलीस तिला?" सासूबाई म्हणाल्या.

भावजींचं तोंड उघडं ते उघडंच. हाच चेहरा बघायला तिने सात महिने बोटं सोलून घेतली होती. दयाबिया काही आली नाही तिला. तिने तो अगदी पोटभर बघून घेतला.

"भावजी, उद्या ही म्हाताऱ्याकडे तुम्हीच न्यायची. मान सरळ करून आणायची. आणि कुणाला दिली होती, तेही त्याला तुमच्या तोंडाने सांगायचं."

लेक जवळ आली. आईचा डावा हात घेऊन बोटांची कडक झालेली टोकं चाचपू लागली.

"आई, मीपण हसले होते ना गं."

"हसली होतीस," ती म्हणाली. "गिटार दुरुस्त होऊन येऊ दे. मग तुला शिकवते."